तांते एल्माच्या द्राक्षांवर फोडलेलं खापर

एल्मा लिंडनरची द्राक्षंच वाईट, असं ट्रेंट चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर बोलला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाईट म्हणे! अहो, आमच्या बरोसा खोऱ्यातल्या त्या सेमियॉन जातीच्या पांढऱ्या द्राक्षांच्या वेली तिच्या पणजोबांनी लावलेल्या. आणि हा कोण? मालक क्लेमचा पुतण्या, परवा-परवा ॲडलेडहून आलेला.

झालं होतं असं. क्लेमच्या वायनरीत वाइन मी बनवते, यीस्टपासून बाटलीपर्यंत. पण यंदा ट्रेंटच्या डोक्यात प्रदर्शनातलं पदक शिरलं. रस काचेसारखा नितळ हवा आणि टाकीत हवा शिरता कामा नये, असा त्याचा हट्ट. तांते एल्माच्या द्राक्षांचा रस त्याने इतका निवळला की गाळ म्हणून काही उरलाच नाही. वर नायट्रोजन सोडून झाकण घट्ट लावलं.

मी तेव्हाच म्हटलं, "अरे, यीस्टच्या कातडीत चरबी लागते. फ्रीजमधल्या लोण्यासारखी घट्ट नाही, तेलासारखी पातळ. ती असली तर दारू चढत गेली तरी ते तग धरतं. ती चरबी बनवायला त्याला हवा लागते, नाहीतर गाळातून आयती मिळते. तू दोन्ही काढून घेतलंस. आता ते काय तुझ्या पदकावर जगणार?"

"हेडी, तुझं सगळं जुन्या काळातलं गं," ट्रेंट हसत म्हणाला. क्लेमनेही पुतण्याचीच री ओढली.

मग व्हायचं तेच झालं. मद्य तेरा टक्क्यांवर गेलं आणि यीस्टने मान टाकली. टाकीभर वाइन, धड गोड नाही, धड कोरडी नाही. कोण पिणार असलं? आणि चूक कबूल करेल तर तो ट्रेंट कसला! "म्हाताऱ्या वेली, रसात दमच नव्हता," असं तो गावभर सांगत सुटला.

त्यानंतर एका सकाळी तांते एल्मा स्वतः वायनरीत आली. तांते म्हणजे काकू. सगळं खोरं तिला तसंच म्हणतं. हातात साखर-लोण्याचा चुरा घातलेला केक, डोक्याला चर्चला बांधते तो रुमाल.

"पोरी, माझ्या द्राक्षांनी तुमची टाकी बिघडवली म्हणे. माफी मागायला आले," ती म्हणाली.

मी हातातला पाइप खाली ठेवला.

"त्या मशीनवाल्या मरेला सांगून टाकलंय," ती पुढे बोलत होती. "ईस्टर झाला की मशीन आणतो आणि वेली उपटतो म्हणाला. आता कोण घेणार ती द्राक्षं? उगाच कुणावर भार नको."

"वाट लावली त्या ट्रेंटने आणि माफी तू मागतेस?"

"अगं, हळू बोल. ऐकेल तो."

"ऐकू दे की! कान उघडे ठेवून ऐकू दे!"

हाताला धरून तिला थंड खोलीत नेलं. गाळाचं पिंप मी फेकू दिलं नव्हतं. "हा तुझ्याच रसाचा गाळ, तांते. यीस्टची शिदोरी होती ही, त्याने काढून घेतली. मरेला थांबायला सांग."

"आधी वाइन होऊ दे," ती म्हणाली. "नुसत्या तुझ्या बोलण्यावर लोक नाही विश्वास ठेवायचे. माझाही नाही बसत अजून."

हे मात्र मला फार लागलं. तिचा तिच्याच वेलींवरचा विश्वास उडवला होता त्या मेल्याने!

उघड्या टबात नवं यीस्ट वाढवलं. पंपाने हवा दिली, गाळ खाऊ घातला आणि अडकलेली वाइन थोडी थोडी ओतत त्याला दारूची सवय लावली. ट्रेंट येऊन "काय, बाळंतिणीची खोली का ही?" म्हणून गेला. मी वर बघितलंसुद्धा नाही. मग सगळं टाकीत सोडलं. टाकी पुन्हा बुडबुडायला लागली आणि गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी वाइनमधली उरलेली साखर संपली. लिंबासारखी लखलखीत, कोरडी वाइन!

तांतेला बोलावून पेला हातात दिला. तिने घोट घेतला, डोळे पुसले, पुन्हा घोट घेतला. "आमचीच आहे," एवढंच म्हणाली.

ट्रेंट टाकीमागे घुटमळत होता. "द्राक्षं तशी ठीक होती म्हणायची," तो पुटपुटला.

तांतेने पेला खाली ठेवला. "अंगणात वाईट आणि इथे टाकीमागे ठीक? ज्यांनी ऐकलं त्यांना सांग. रविवारी ईस्टर आहे, सगळे चर्चला येतील."

रविवारी सगळे आले. ट्रेंट नाही आला. त्याला सर्दी झाली, असं क्लेम नजर चुकवत म्हणाला.

"मरे!" तांते एल्माने अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशी हाक मारली. "मशीन आणू नकोस. माझ्या वेलींना काही झालेलं नाही." मग ती क्लेमकडे वळली. "आणि क्लेम, पुढच्या हंगामाला तुझे क्रेट पाठवू नकोस. तुला एक घडसुद्धा मिळणार नाही."

क्लेमचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मला बाजूला ओढलं. "हेडी, तू समजाव ना तिला. तुझं ऐकते ती."

"मी?" मी म्हटलं. "मी तिच्या बाजूने आहे रे. तिची द्राक्षं जिथे जातील, तिथे मी जाणार."