शिवलीलेचा डबा

तानूबाईंची सून कावेरीबाई, कावेरीबाईंची सून अंबूताई आणि अंबूताईंची सून मी, शुभदा. आमच्या घराण्यात स्वयंपाकघर असे सुनेकडून सुनेकडे आले. तानूबाई निपाणीहून शिलाईचे यंत्र आणि दोन पातेली घेऊन बेंगळुरात उतरल्या. जुना कपडा पुसायला घेण्यापूर्वी त्याची बटणे आणि हुक त्या उसवून ठेवत. कावेरीबाईंनी दोडक्याच्या शिरा कधी फेकल्या नाहीत, त्यांची चटणी केली. अंबूताई तूप कढवल्यावर त्याच बेरीत कणीक भाजून घेत, म्हणजे भांडे घासायलाही पाणी कमी लागे. मी दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, त्यांचे गठ्ठे करून विकते. या गोष्टीची लाज मला कधी वाटली नाही. लाज वाटावी अशी गोष्ट माझ्या आयुष्यात एकच होती, आणि ती वरच्या फळीवर, एका स्टीलच्या डब्यात होती.

माझी सून सिद्धी पुण्याची. संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, काम बहुतेक घरूनच करते. हुशार आहे, हे मी तिच्या तोंडावर म्हणत नसले तरी मला मान्य आहे. दोन महिन्यांपूर्वी तिने जाहीर केले की येलहंक्याच्या आमच्या घरातून यापुढे कचरा बाहेर जाणार नाही. मला मनापासून आनंद झाला. तो चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी दारात तीन खोकी आली.

"सिद्धी, हे काय?"

"बरण्या, आई. काचेच्या, बांबूच्या झाकणांच्या. चोवीस आहेत. आता पाकिटं बंद. दुकानातून सुटं सामान आणायचं आणि यात भरायचं. झिरो वेस्ट."

"माझे डबे सुटे सामान घेत नाहीत का?"

"त्यात आतलं दिसत नाही ना!"

"मला पन्नास वर्षे दिसले."

माझा मुलगा अभिराज सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत होता. त्याने ते जरा आणखी वर धरले. प्रत्येक बरणीला फुग्याफुग्यांचे प्लास्टिक गुंडाळलेले होते, त्यावर कागद, त्यावर चिकटपट्टी. कचरा कमी करण्यासाठी मागवलेल्या या सामानातून जेवढा कचरा निघाला, तेवढा आमच्या घरातून महिन्यात निघत नाही. मी खोकी चपटी करून पलंगाखाली सरकवली आणि गप्प बसले. गप्प बसले ही माझी चूक.

कारण पुढच्या शनिवारी मी बँकेतून परतले, तो फळ्यांवर चोवीस बरण्या मांडलेल्या आणि माझे सगळे डबे नाहीसे झालेले.

"भंगारवाल्या शिवाप्पाला दिले," सिद्धी उत्साहाने म्हणाली. "केवढी जागा झाली बघा!"

"किती दिले त्याने?"

"अहो आई, त्याच्याकडून काय पैसे घ्यायचे! असेच दिले."

सतरा डबे, फुकट. मग माझी नजर वरच्या फळीकडे गेली.

"आणि वरचा? एकटा होता तो?"

"तो तर तुम्ही कधी वापरतच नव्हता. त्यावर कन्नडमध्ये काहीतरी कोरलंय. आत नुसती एक चिठ्ठी होती."

मी खुर्चीत बसले. तो डबा भरून त्याच्या मालकिणीला परत दिल्याखेरीज मला डोळे मिटायचे नव्हते. तिचा पत्ता गेल्या वर्षी एका लग्नात मोठ्या मुश्किलीने मिळाला होता, आणि तो हरवू नये म्हणून मी त्याच डब्यात ठेवला होता. डबा गेला, म्हणजे पत्ताही गेला.

"गाडी काढ," मी म्हणाले.

"आत्ता? मला अकराला मीटिंग—"

"सिद्धी. गाडी काढ."

शिवाप्पाचे दुकान रेल्वे फाटकापलीकडे आहे. तो रद्दीच्या गठ्ठ्यांवर बसून चहा पीत होता. माझे डबे त्याने एका पोत्यात भरले होते, अजून ठेचले नव्हते. मी पोते उपडे करायला लावले. तेराव्या क्रमांकावर तो निघाला. झाकणाला पोचा आला होता, पण आत चिठ्ठी तशीच होती. मी डबा उचलून काखोटीला मारला आणि वळले.

"अम्मा, थांबा," तो कन्नडमध्ये म्हणाला. त्याने डबा माझ्या हातातून घेतला, अंगठ्याने पुसला आणि कोरलेली अक्षरे वाचली. "शिवलीला. तुमचं नाव शिवलीला का?"

"नाही."

"मग हा तुमचा कसा? मागच्या वर्षी एका बाईने शेजारणीची भांडी मला विकली, पोलीस माझ्या दारात आले. नावाचं भांडं मी ज्याच्या त्यालाच देतो. बाकीचे सोळा घेऊन जा, स्वल्प पैसे द्या, झालं. हा राहू द्या."

सिद्धीला कन्नड येत नाही. सहा वर्षे झाली, भाजीवाल्याला 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणण्यापलीकडे तिची मजल गेलेली नाही. "काय म्हणतोय तो?" ती विचारू लागली. "आई, काय झालं? डबा तुमचाच आहे ना?"

आयुष्यभर मी या घरात प्रश्न विचारले. उत्तरे देण्याची सवय मला नाही. आणि येथे एक भंगारवाला कन्नडमध्ये आणि माझी सून मराठीत, एकच प्रश्न मला विचारत होते.

"नाही," मी म्हणाले. "माझा नाही."

मग दोघांना दोन भाषांत सांगावे लागले. एकेचाळीस वर्षांपूर्वी आम्ही राजाजीनगरात दोन खोल्यांत राहत होतो. माझे यजमान कपड्यांच्या एका कारखान्यात कापड बेतण्याचे काम करीत. कारखान्याला टाळे लागले आणि चार महिने घरात पगार आला नाही. अभिराज अजून व्हायचा होता. भिंतीपलीकडे शिवलीला राहत असे, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तिच्या घरी रोज रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे, होत, आणि आमच्या घरात ते चालत नाहीत असे मी आळीभर ऐकवून ठेवले होते. एका दुपारी ती मागच्या दाराने आली. हातात हा डबा. म्हणाली, "अक्का, रागीचं पीठ जास्त झालंय. कीड लागायला आलीये. वाया जाईल. तुम्ही घेतलंत तर बरं होईल."

वाया जाईल हा शब्द माझ्यापुढे टाकला की मी नाही म्हणणार नाही, हे तिने हेरले होते. मी तोऱ्यात म्हणाले, "ठेव. फेकण्यापेक्षा बरे." ती गेल्यावर झाकण काढले. पीठ मुठीने चेपून भरलेले, वर शीग. आणि गरम. चक्कीवरून नुकतेच आणलेले.

आम्ही तीन आठवडे ते खाल्ले. अंबूताईंचा दंडक होता की दुसऱ्याचा डबा रिकामा परत जायचा नाही, आणि आला त्याहून कमी भरून तर मुळीच जायचा नाही. आमच्याकडे भरायला काही येईपर्यंत शिवलीलेच्या नवऱ्याला होसकोट्यात काम लागले आणि ते गेले. पुढच्या दिवाळीला जाऊ, असे मी म्हटले. मग त्याच्या पुढच्या. पुढे पुढे तर परत करणे म्हणजे सगळे कबूल करणे होऊन बसले. इतरांच्या घरचे वाया जाणारे भात-भाजी मी मोजत राहिले, आणि माझ्याच फळीवर एक डबा एकेचाळीस वर्षे रिकामा ठेवला.

शिवाप्पाने चहाचा पेला खाली ठेवला.

"तिलाच देणार?"

"आजच."

"मग दोनशे द्या सगळ्यांचे."

मी दोनशे दिले. सिद्धीने माझ्याकडे डोळे विस्फारून पाहिले. मी घासाघीस न करता पैसे दिलेले तिने कधी पाहिले नव्हते.

गाडीत ती म्हणाली, "आई, मी विचारायला हवं होतं."

"हवे होते."

"पण तुम्ही सांगायला पण हवं होतं."

या मुलीला उलट उत्तर देण्याची खोड आहे. यावेळी ते उत्तर बरोबर होते, म्हणून मला अधिकच राग आला. "समोर बघून चालव," मी म्हणाले. "आणि रस्त्यात चक्की दिसली की थांब. पाकिटातले पीठ नको."

होसकोट्याच्या अलीकडे एक चक्की सापडली. चक्कीवाल्याने आपली रागी समोर दळून दिली. घरी मी कुठलेही माप घेताना वरून हात फिरवून सपाट करते, दाणाही जास्त जाऊ देत नाही. त्या दिवशी मी मूठ वळून पीठ चेपले. पुन्हा भरले, पुन्हा चेपले. पोचा पडलेले झाकण बसेना, तेव्हा सिद्धीने ओढणीने डब्याचे तोंड बांधले.

"हे सांडेल," ती म्हणाली.

"सांडू दे."

"तुम्ही म्हणताय हे?"

"डबा सरळ धर."

चिठ्ठीवरचे घर बसस्थानकामागे होते. शिवलीला ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. केस सगळे पांढरे, पाठ वाकलेली. सोललेली साले तिने एका टोपलीत वेगळी ठेवली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि मला लगेच ओळखले. "अक्का?"

मी वाटेत पुष्कळ वाक्ये जुळवली होती. त्यांतले एकही तोंडातून निघाले नाही. मी डबा तिच्यापुढे ठेवला.

"शिवलीले, रागीचे पीठ जास्त झाले आहे. कीड लागायला आली आहे. वाया जाईल. तू घेतलेस तर बरे होईल."

तिने ओढणीची गाठ सोडली. आपल्या नावाच्या अक्षरांवर बोट फिरवले. मग मनगटापर्यंत हात पिठात घातला आणि तसाच ठेवला.

"अक्का," ती म्हणाली, "कीड लागलेलं पीठ इतकं गरम असतं का?"

"तुझेही गरमच होते. मला त्याच दिवशी कळले होते."

"मलाही कळलं होतं, तुम्हाला कळलंय ते." ती हसली. "म्हणून तर मी डबा मागायला आले नाही. मला वाटलं, मागितला तर तुम्ही चिडाल."

"चिडलेच असते."

तिने परात आणून डबा उपडा केला. चेपलेले पीठ एकदम सुटले, परातीच्या काठावरून फरशीवर सांडले. तिने डब्याच्या बुडावर तीनदा थाप मारली, खाचेतले पीठही झाडून काढले, आणि डबा आत नेऊन आपल्या फळीवर ठेवला. परत येऊन ती सांडलेले पीठ टिपायला खाली बसली. मीही गुडघे धरत तिच्याशेजारी बसले, आणि आम्ही दोघींनी बोटांच्या टोकांनी ते सगळे गोळा करून परातीत घातले.