खांद्याइतकी भिंत

आमच्या ह्यांचं नाव झालं ते पायी भटकण्यामुळे. रोज सकाळी शहरातले गल्लीबोळ पालथे घालायचे आणि घरी आलं की पुढच्या खोलीचं दार लावून तेच कागदावर उतरवायचं, हा वर्षानुवर्षांचा नेम. 'चालणारा चित्रकार' म्हणतात त्यांना. म्हणोत बापडे. ह्यांच्या खुब्याचं हाड मोडल्यापासून चालते मी.

फोटो काढून आणते म्हटलं, तर म्हणाले, "फोटोत काय जीव असतो? तू बघ आणि मला सांग." मग काय, सकाळचं दूध तापवलं की मी चपला घालायची. परत आले की ह्यांच्यासमोर स्टुलावर बसायचं, पाय सुजलेले असले तरी.

"गॅरेजशेजारची भिंत केवढी?"

"खांद्याइतकी माझ्या."

हे कोळशाने रेघ मारायचे. "आणि खिडकी?"

"टाचा उंच केल्या की आतलं दिसतं. इस्त्रीवाली आहे. एक हात इस्त्रीवर, दुसऱ्याने पोरीला थोपटतेय."

अस्सा चेहरा खुलायचा त्यांचा! खोटं कशाला बोलू, मलाही आवडायला लागलं होतं. एवढ्या संसारात पहिल्यांदा त्या खोलीत मला बसायला जागा मिळाली होती.

एकच मागितलं होतं मी. प्रदर्शनाच्या दिवशी चारचौघांत एकदा सांगा, चालले ते मी. "अगं, सांगणार म्हणजे काय! पहिलं तेच सांगणार," म्हणाले.

प्रदर्शनात एक समीक्षक आले होते, मोठे जाणकार. म्हणाले, "ह्यांच्या नव्या चित्रांत भिंती उंच झाल्यात आणि बघणारा लहान झालाय. ही उतारवयातली नम्रता." डोंबलाची नम्रता! मी ह्यांच्याहून चांगली वीतभर बुटकी. भिंती सांगितल्या माझ्या मापाने, ह्यांनी काढल्या तशाच. माझी उंची होती ती! मी ह्यांच्याकडे बघितलं. आता सांगतील, आता सांगतील. हे मान डोलावत म्हणाले, "वय झालं की माणूस आपोआप वाकतो." टाळ्या पडल्या. धाकटी नणंद माझ्या कानाशी लागली, "वहिनी, दादा किती छान बोलतो, नाही?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी आल्यावर विचारलं. म्हणाले, "अगं, राहून गेलं. बोलण्याच्या ओघात कुठे लक्षात राहतं?"

बरं. दुसऱ्या दिवशी मी चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या बागेत बाकावर जाऊन बसले, आणि परत येऊन ह्यांना एक गल्ली सांगितली. जगात कुठेही नसलेली. तिथे एक जिना होता, तो चढून वर जावं तर समोर नुसती भिंत. जिन्याखाली कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा, गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसलेला. हे काढत सुटले. मनात म्हटलं, काढा, खुशाल काढा. कोणीतरी विचारेलच ही गल्ली कुठली म्हणून. तेव्हा झक मारत म्हणावं लागेल, हिला विचारा, ही जाऊन आली.

चित्र बघायला मंडळी घरी आली त्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले. समीक्षकांनी विचारलंच, "ही गल्ली कुठली हो? मी कधी बघितली नाही."

माझा जीव टांगणीला लागला. हे चित्राकडे बघत राहिले.

"माझ्या लहानपणची," म्हणाले. "शाळेतून येताना ह्या जिन्यावर बसायचो मी. केव्हाच पाडली ती."

"अगंबाई, हो की!" नणंद म्हणाली. "दादा, तो कुलूपवाला आपल्यावर खेकसायचा, आठवतं?"

"न आठवायला काय झालं?" ह्यांचे डोळे भरून आले होते. नाटक नव्हतं ते. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचं नाटक मला लगेच कळतं. ह्यांना ती गल्ली खरोखर आठवत होती.

समीक्षकांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. कोणीतरी माझ्या हातातला ट्रे घेतला. मी तोंड उघडलं असतं, तर खोटारडी मीच ठरले असते. आणि खोटं तर मीच बोलले होते.