न सुटलेलं ठिगळ

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तवा आहे, आणि त्या सकाळचा धक्का मला अजून पचलेला नाही. आम्हा तव्यांचं अंग तापतं, निवतं, पण कधी थरथरत नाही. मी थरथरलो होतो! विश्वास बसत नसेल तर नका ठेवू, पण ऐका तरी.

लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. घणाचे घाव सोसून गोल झालो आणि एका शिंप्याच्या घरी आलो. ते शिंपी आता आजोबा झालेत. दुकान बंद केलं, पण सवय काही सुटली नाही. चिंधी टाकायची नाही, तसा कालचा पावही टाकायचा नाही! सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ते फ्रिज उघडायचे. उरलेला पाव चुरायचे, काळं पडलेलं केळं कुस्करायचे, तळाशी राहिलेलं दूध, मूठभर भात, थोडी साखर, जे हाताला लागेल ते कालवून माझ्यावर छोट्या छोट्या चकत्या घालायचे. कडा सोनेरी झाल्या की उलटायच्या. या चकत्यांना ते म्हणायचे ठिगळं. त्यांच्या नातीचं लाडाचं नाव गुंडी, तेही शिंपीकामातलंच. ती ठिगळांवर नुसती तुटून पडायची.

आणि माझी ख्याती काय सांगू! माझ्यावर जन्मात काही चिकटलं नव्हतं. उलथणं जरा सरकवलं की ठिगळ सुटलंच. आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "अहो, तवा कसला, लोणी आहे लोणी!" मी आपला फुगायचो.

आजोबांची मुलगी, म्हणजे गुंडीची आई, पुस्तकं बांधते. पुढच्या खोलीत तिचं टेबल, सुया, दोरा, पुठ्ठे, आणि चिकटवायला मैद्याची शिजवलेली खळ. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून खळीत ती मोरचूद घालते. मोरचूद म्हणजे विष, मित्रांनो! दिसायला निळंशार, सुंदर, पण विष. एरवी खळीचं भांडं त्या खोलीबाहेर येत नसे. पण त्या आठवड्यात उकाडा असा, की खळ आंबायला लागली. काम संपत नव्हतं, डोळे मिटत होते. तिने उरलेली खळ एका वाडग्यात काढली, वर ताटली झाकली आणि दिली फ्रिजमध्ये ठेवून. मी शेगडीवरून बघत होतो. सकाळी लवकर उठून काढीन, असं स्वतःशीच म्हणाली. नेमकी त्या दिवशी तिला जाग आली नाही.

आजोबांना मात्र आली. चष्मा कपाळावर, हात फ्रिजमध्ये. ताटली उचलून म्हणतात कसे, "अरे वा! पोरीने मैदा भिजवूनच ठेवलाय की!"

अहो, मी थरथरलो, माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं! केळं पडलं, पाव पडला, साखर पडली. होती नव्हती ती निळसर झाकसुद्धा केळ्यात दिसेनाशी झाली. मी ओरडणार कुठून? तव्याला का तोंड असतं? आणि पहिलं ठिगळ माझ्यावर पडलं.

चुर्र झालं नाही. ते नुसतं बसलं, आणि त्याने मला गच्च धरलं. आजोबांनी उलथणं घातलं. हलेना. जोर लावला. तरी हलेना!

"काय रे लेका, आजच बरा रुसलास?" आजोबा चिडले. "म्हातारा झालास की काय माझ्यासारखा?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बोलणी खाल्ली. पण लाज वाटायलाही सवड कुठे होती? दप्तर पाठीला लावून गुंडी दारात उभी होती.

"आजोबा, द्या ना तसंच. मला खरवडच आवडते!"

बाई गं! मला वाटलं होतं, चिकटलंय म्हणजे वाचलो. आणि ही पोर खरवड मागतेय! तिने चमच्याने माझ्या कडेचा तुकडा उकरलाही. गरम होता म्हणून फुंकर घालू लागली. एक फुंकर. दुसरी. गुंडी, फुंकत राहा गं, फुंकत राहा!

"थांब," आजोबा म्हणाले. "बिघडलेलं काम मी गिऱ्हाइकाला दिलं नाही, तर नातीला देईन होय? ठेव तो चमचा." आणि आत वळून हाक मारली, "अगं ए, ऊठ! हा तवा बघ, पार गेला कामातून!"

आई डोळे चोळत आली. तिने वाडगा पाहिला, मला पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. एका झेपेत तिने गुंडीच्या हातातला चमचा उडवला.

"बाबा, ही खळ आहे! मोरचूद आहे यात! कोणी खाल्लं? तोंड उघड, गुंडी. बाबा, तुम्ही चाखलंत?"

कोणीच चाखलं नव्हतं. पण आजोबा मटकन खाली बसले. "माझ्या हातून... माझ्या हातून गं..." एवढंच पुटपुटत राहिले. आई त्यांना मिठी मारून रडली. म्हणाली, "चूक माझी, बाबा. मीच ठेवली तिथे."

मला वाटलं, आता माझं कौतुक होणार. कसलं काय! आईने मला राखेने घासलं, पुन्हा घासलं, आणि म्हणाली, "हा आता खाण्याच्या कामाचा नाही."

"अगं, ह्यानेच तर वाचवलं!"

"म्हणून टाकत नाही, बाबा. पण विष पुरतं गेलं, हे मला कोण सांगणार?"

तिचं खरं होतं. तरी फार लागलं हो मला.

आता मी पुढच्या खोलीत असतो. माझ्या खोलगट पोटात खळ शिजते. आजोबांचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला असतो आणि ठिगळं नव्या तव्यावर होतात. पण रोज शाळेला जाताना गुंडी बशी घेऊन माझ्यापाशी येते, लांबूनच दाखवते. "बघ रे, आजचं सुटलं!"

मित्रांनो, उरलंसुरलं जरूर वापरा, अन्न फेकू नका. पण कामाचं भांडं स्वयंपाकघरात आणू नका, आणि झाकण उचललंत तर चष्माही लावा. आणि एक सांगू? कधी न चिकटणारा एखादा चिकटला, तर त्याच्यावर चिडण्याआधी त्याच्यावर काय ओतलंय, तेवढं बघत जा.