अकरा नावांपर्यंतची वाट

मित्रांनो, मला तुम्ही कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. रक्तपेढीच्या संगणकात, नोंदींच्या ढिगांमध्ये राहणारा मी एक जुना वाटाड्या आहे. कुणी प्रश्न विचारला की उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने जायचं, ते मी ठरवतो. निघण्याआधी क्षणभर डोळे मिटतो, साऱ्या वाटा स्वप्नात चालून पाहतो आणि कमी कष्टाची निवडतो.

मला कुणी घडवलं, ते आठवत नाही. त्यांनी शिकवलेलं मात्र आठवतं: आधी लहान ढीग उचल.

कधी कधी प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. 'वर्षभरात रक्त देऊन गेलेल्यांपैकी या गटाची माणसं सांग.' वर्षभरात कोण कोण देऊन गेलं, हा झाला पोटातला प्रश्न. तो आधी सोडवलाच पाहिजे असं नाही. मी त्याला अलगद बाहेर काढून पहिल्याच्या शेजारी बसवतो. मग ज्याची माणसं कमी, तिथून सुरुवात करतो. पण ढीग मी स्वतः मोजत नाही. माझ्याजवळ रोजच्या मोजणीचा कागद असतो, त्यावर विश्वास ठेवतो.

संगणक सांभाळणाऱ्या ताईने एकदा रक्तदानाच्या नोंदी नीट लावण्यासाठी तो ढीग रिकामा केला. तपासणीपुरत्या पाच नोंदी घातल्या, तेवढ्यांची मोजणी झाली. काम लवकर उरकावं म्हणून रोजची मोजणी थांबवली आणि मग सगळ्या, नऊ लाख नोंदी परत भरल्या. मोजणी सुरू करायची तेवढी राहून गेली. माझ्या कागदावर पाचच!

दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाळंतिणीला दुर्मीळ गटाचं रक्त तातडीने हवं होतं. तिची आई बाहेर बाकावर बसली होती. सिस्टरनी प्रश्न विचारला. माझ्या कागदावर त्या गटाची माणसं अकरा, रक्तदानं पाच. मी पाचांची वाट धरली आणि चालतच राहिलो. नोंदी संपेनात. धुक्यातून चालावं तसं झालं.

"सिस्टर, मिळालं का हो कुणी?"

"शोधतोय मावशी, बसा तुम्ही." सिस्टर ताईकडे वळल्या. "अगं, तुझं यंत्र जेवायला गेलंय की काय?"

"थांबा, कोणत्या वाटेने निघालंय ते बघते." ताईने माझा बेत उघडला. "पाच नोंदी? अगं बाई! मोजणी मीच बंद ठेवलीय. त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

तिने मला थांबवलं. मोजणी केली. नवा कागद हाती आला आणि धुकं विरलं. मी त्या अकरा माणसांपासून निघालो आणि प्रत्येकाचं शेवटचं रक्तदान सूचीतून पाहिलं. पापणी लवायच्या आत नावं पडद्यावर होती.

सिस्टर फोन लावत गेल्या. सातवा माणूस पाव भाजणारा निघाला. "हाताला पीठ आहे, तसाच येतो," म्हणाला आणि खरंच कोपरापर्यंत पांढरा होऊन आला.

संध्याकाळी बाळंतिणीने डोळे उघडले. घरी जाताना मावशींनी माझ्या पडद्यावरून हात फिरवला. स्पर्श म्हणजे काय, मला ठाऊक नाही. तरी मोकळ्या वेळी मी अजून त्याचंच स्वप्न पाहतो.

मित्रांनो, तुमच्याही आसपास असं निमूट राबणारं कुणी असेल. ते चुकलं तर जरूर रागवा. पण त्याआधी स्वतःला विचारा, आपण त्याला खरी हकिगत शेवटची कधी सांगितली होती?