झोपून या

तलावावर सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत. तीस वर्षं त्यांनी लोकांना पोहायला शिकवलं होतं, आणि शिकवणी नसेल तेव्हा खोल बाजूच्या उंच खुर्चीवर बसून पाण्यावर नजर ठेवली होती. गळ्यातली शिट्टी आंघोळीपुरतीच काय ती उतरते, असं त्यांची बायको म्हणायची. सध्या मात्र शिट्टी गळ्यात असूनही नसल्यासारखीच होती. गेले तीन आठवडे सर दारापाशी काउंटरवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना कपाटाची टोकनं देत होते, आणि टोकन द्यायला शिट्टी लागत नाही.

झालं होतं असं, की खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. भर दुपारी चार वाजता. टोपी पुढे ओढलेली, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच वेळी उथळ बाजूला बँकवाल्या मॅडमचा पाय घसरला. मॅडम बँकेतून निवृत्त झाल्या होत्या आणि तीन महिने सरांकडेच पोहायला शिकत होत्या. शिकत होत्या म्हणजे कठडा धरून उभ्या राहत होत्या. पाणी चारच फूट. चार फुटांत कोण बुडतंय, असं काठावरच्यांना वाटतं. पण घाबरलेला माणूस कमरेएवढ्या पाण्यातही बुडतो, हे सरांना पक्कं माहीत होतं. शेजारच्या एका बाईंनी मॅडमना दंडाला धरून उभं केलं. मॅडम खोकत खोकत वर आल्या, खुर्चीखाली येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली. तिसऱ्या हाकेला सर जागे झाले.

मॅडमनी लेखी तक्रार वगैरे काही केली नाही. मॅनेजरला जाऊन एवढंच सांगितलं, की ते झोपले होते.

मॅनेजरने सरांना डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरांनी एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवलं आणि सकाळी सांगितलं, की झोपेत तुमचा श्वास थांबतो, तासाला चाळीस वेळा. तुम्ही रात्रभर झोपता असं तुम्हाला वाटतं, पण शरीर रात्रभर जीव वाचवत बसलेलं असतं. बायकोला यात काही नवल वाटलं नाही. वीस वर्षं ती त्यांना कोपराने ढोसून श्वास घ्यायला लावत होती. मी मोजायचं कधीच सोडून दिलं, म्हणाली.

मग घरात मशीन आलं. डब्याएवढं मशीन, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क आणि डोक्यामागून जाणारे पट्टे. रात्रभर हवा आत ढकलायची आणि घसा मिटू द्यायचा नाही, हे त्याचं काम. मॅनेजरची अट सरळ होती. महिनाभर रोज रात्री निदान चार तास मशीन लावून झोपल्याचं दिसलं पाहिजे, आणि ते मशीनच लिहून ठेवतं. दिसलं तर खुर्ची परत. नाहीतर निवृत्तीपर्यंत काउंटर. निवृत्तीला चार वर्षं होती, आणि चार वर्षं टोकनं वाटायच्या कल्पनेनेच सरांचा जीव अर्धा होत होता.

पहिल्या रात्री त्यांनी मास्क चढवला, पट्टे ओढले आणि बटण दाबलं. हवा नाकातून आत शिरली आणि तोंडातून सूं करत बाहेर पडली. शेजारी बायकोच्या कपाळावरचे केस उडायला लागले.

"अहो," ती डोळे न उघडता म्हणाली, "पंखा लावलाय का माझ्या तोंडावर?"

अर्ध्या तासाने मास्क उशीवर होता आणि सर नेहमीप्रमाणे घोरत होते. दुसऱ्या रात्री पाऊण तास. तिसऱ्या रात्री त्यांनी झोपेतच तो ओरबाडून काढला आणि नाकाचा शेंडा सोलून घेतला. नाकी नऊ येणं म्हणजे काय ते त्यांना या वयात अक्षरशः कळलं. दिवसा काउंटरवर टोकनांचे आकडे डोळ्यांपुढे नाचत. एकदा त्यांनी तेहतीस नंबरचं टोकन दोघांना दिलं, म्हणजे दोघांपैकी एकाला चक्क हवेतूनच काढून दिलं, आणि ते कसं जमलं हे त्यांनाही शेवटपर्यंत समजलं नाही.

आठवड्याने मशीनच्या दुकानातली बाई घरी आली. तिने नोंदी पाहिल्या, तोंड वाकडं केलं आणि लीक फार आहे म्हणाली. एवढं बोलते तोच तिला फोन आला आणि ती घाईने निघून गेली. लीक म्हटल्यावर सरांच्या अंगात तलाव संचारला. तलावावर कुठली नळी गळायला लागली की पहिलं बोलावणं त्यांनाच येत असे. त्यांनी बादली भरली, नळी एका टोकाला अंगठ्याने दाबली, दुसऱ्या टोकाने फुंकली आणि वीतभर वीतभर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले. एक बुडबुडा निघेल तर शपथ. त्या रात्री मशीन लावल्याबरोबर नळीत राहिलेलं पाणी गुडगुडत थेट नाकात आलं आणि तीस वर्षं पोहलेला माणूस स्वतःच्या गादीवर गटांगळी खाऊन उठला. बायको हसून हसून पलंगावरून उतरली. सरांना हसू आलं नाही. त्यांना फक्त झोप हवी होती.

दुकानातल्या बाईने दुसऱ्या खेपेला समजावून सांगितलं, की नळी ठणठणीत आहे, गळता ते तुम्ही. तोंड उघडं राहतं, त्यातून सगळी हवा जाते. श्वास नाकाने घ्या.

तेव्हा कुठे सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडाने घ्या, नाकाने सोडा. पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाला त्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. पाण्यात नाकाने घ्याल तर पाणीच आत जाईल. हजारो लोकांना घोकून घेता घेता ते त्यांच्या स्वतःच्या अंगात इतकं मुरलं होतं, की झोपेतही चेहऱ्यावर काही आलं की तोंड आपसूक उघडत होतं. शरीराला वाटत होतं आपण पाण्यात आहोत. बाईने तोंडही झाकणारा मोठा मास्क दाखवला, पण तो दोन मिनिटांत त्यांनी उतरवून तिच्या हातात दिला. मग तिने हनुवटी वर बांधून ठेवायचा एक पट्टा दिला. दिवसा जागेपणी मास्क लावून बसायची सवय करा, असं सांगितलं आणि गेली.

"तीस वर्षं तोंड मिटा म्हणून सांगतेय," बायको म्हणाली, "माझ्या सांगण्याने नाही मिटलं. आता पट्ट्याने मिटतंय का बघू."

बँकवाल्या मॅडम या सगळ्या दिवसांत रोज येत होत्या. पोहण्याचा पोशाख, टोपी, खांद्यावर टॉवेल, अशा सगळ्या तयारीनिशी. काउंटरवर सरांकडून टोकन घ्यायच्या आणि बाकावर तासभर कोरड्या बसून राहायच्या. मग टोकन परत करून घरी. खुर्चीवर सध्या सकाळपाळीचा गार्ड दुपारीही बसत होता, चांगला होता, पण मॅडम पायरीला पाय लावत नव्हत्या. सर त्यांच्याकडे न बघता टोकन पुढे सरकवायचे. लाज वाटायची. ती रोज वाटायची, आणि रोज नव्याने वाटायची.

एके दिवशी मॅडमनीच विचारलं, की गालांवर हे वळ कसले. पट्ट्यांचे, सर म्हणाले, आणि मग का कोण जाणे, सगळं सांगून मोकळे झाले. बादलीचंही सांगितलं. मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

"मास्क चढवला की काय वाटतं?"

"गुदमरतोय असं वाटतं. हवा येत असते, तरी."

"मग तुम्ही स्वतःला काय सांगता? घाबरू नको?"

 सर हेच तर सांगत होते.

"तीन महिने तुम्ही मला तेच सांगत होतात," मॅडम म्हणाल्या. "घाबरू नका, घाबरू नका. त्याने माझी भीती नखभरही कमी झाली नाही. उलट घाबरतेय याचीच शरम वाटायला लागली. कुणी म्हटलं असतं, की घाबरा आणि उतरा, तर कदाचित उतरले असते."

त्या दिवसापासून टोकन घेताना मॅडम रोज एकच शब्द विचारायच्या. "किती?" आणि सर सांगायचे. एक तास वीस मिनिटं. दोन तास. परवा तीन होते, काल पुन्हा दीड. मॅडम मान हलवायच्या आणि बाकावर जाऊन बसायच्या.

एका रविवारी सकाळपाळीच्या गार्डला ताप भरला. तलाव गच्च भरलेला, आणि मॅनेजर काउंटरवर आला तो घामाघूम होऊन. मशीनच्या नोंदी महिनाअखेरीस बघूच, म्हणाला, पण आज माझी अडचण सांभाळून घ्या. तुमच्या शब्दावर बसवतो.

"झोप होतेय ना आता?"

आदल्या रात्री दोन तास दहा मिनिटं झाली होती. सरांनी काउंटरकडे पाहिलं, टोकनं अडकवलेल्या खिळ्यांकडे पाहिलं.

"होतेय," ते म्हणाले.

खुर्चीच्या सात पायऱ्या चढताना त्यांचे गुडघे कुरकुरले, पण वर बसल्यावर छाती भरून आली. पाणी, डोकी, क्लोरीनचा वास, कुणाचा पाय कुठे आणि दम कुठे संपतोय ते सगळं इथून दिसत होतं. अर्धा तास छान गेला. मग मॅडम आल्या. त्यांनी बाकावर टॉवेल ठेवला, वर पाहिलं आणि खुर्चीवर सर दिसले तशा जागीच थांबल्या. आज त्यांनी किती म्हणून विचारलं नाही. खुर्चीवर बसलेत म्हणजे उत्तर मिळालं, असंच त्यांनी धरलं असणार. कठडा धरून त्या पहिल्या पायरीवर उतरल्या. मग दुसऱ्या.

सरांनी नजर त्यांच्यावर रोवली. पाण्यावर ऊन हलत होतं. पापण्या जड झाल्या तेव्हा त्यांनी जीभ चावली, शिट्टीची दोरी बोटाला आवळली, टोपी काढून मांडीवर ठेवली. मॅडम कमरेपर्यंत होत्या, हात कठड्यावर होता. सरांनी डोळे मिटून उघडले, नुसते मिटून उघडले असं त्यांना वाटलं, आणि पाहतात तो मॅडम खांद्यापर्यंत पाण्यात होत्या आणि कठड्यावर हात नव्हता. त्या तिथे कधी गेल्या, हे सरांना माहीत नव्हतं. मॅडमना काही झालेलं नव्हतं. त्या उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून, खुर्चीकडे बघत. भरवसा ठेवून बघत होत्या.

सरांनी तीन लांब शिट्ट्या वाजवल्या. सगळे बाहेर.

लोक कुरकुरत बाहेर आले. मॅनेजर धावत आला, काय झालं, कोण बुडालं विचारत. सर खाली उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की कुणी बुडालं नाही, मी मघाशी खोटं बोललो, माझी झोप झालेली नाही. तलाव त्या दुपारपुरता बंद करावा लागला. मॅनेजर काय काय बोलला ते सरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. महिना आता पहिल्यापासून मोजायचा, हे त्याने दोनदा सांगितलं.

टोकन परत करायला मॅडम सगळ्यांत शेवटी आल्या. टोपीतून पाणी गळत होतं.

"किती?"

"दोन तास दहा मिनिटं."

मॅडमनी टोकन काउंटरवर ठेवलं. त्या रागावल्या असतील तर सरांना ते रास्तच वाटलं असतं.

"मी खांद्यापर्यंत गेले आज," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपून या. मी थांबते."

घरी आल्यावर सरांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने उठून खोलीचे पडदे ओढले आणि मशीनची नळी सोडवून दिली. जेमतेम पाच वाजले होते. सर आडवे झाले, मास्क चढवला, हनुवटीचा पट्टा बांधला. हवा आली आणि छातीत तीच धडधड सुरू झाली. घाबर, त्यांनी स्वतःला सांगितलं. घाबर आणि पडून राहा. त्यांनी ओठ मिटले, मॅडमनी मिटले होते तसे, आणि नाकाने श्वास घेतला.

जाग आली तेव्हा बाहेर अंधार होता. बायको पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसली होती. इतके गप्प पडला होतात, की तीनदा नाकाशी बोट धरून बघितलं, असं म्हणाली. वीस वर्षांत तिला ढोसावं न लागलेली ही पहिलीच झोप होती.

सरांनी मास्क सैल केला.

"किती?"

तिने चष्मा लावून मशीनवर वाकून पाहिलं. "चार तास पाच मिनिटं."

सर उठून बसायला लागले, तर तिने त्यांच्या छातीवर हात ठेवला. चार घास खाऊन घ्या आणि परत लावा, म्हणाली, रात्र अजून सगळी बाकी आहे.