वाउटरच्या खिडकीवरची चादर

वाउटरच्या घराला पडदेच नव्हते. हॉलंडमधल्या दॉर्द्रेख्त गावच्या त्या अरुंद गल्लीत तसे पडदे कोणीच ओढत नाही. ओढले की लोक म्हणतात, आत काहीतरी काळंबेरं आहे. पण या बाबाने त्याचंही भांडवल केलं. "माझ्याकडे झाकण्यासारखं काही नाही," असं प्रत्येक मुलाखतीत सांगायचा. मेल्याला लाज कशी ती नाही!

ज्या फिल्मवर तो कलावंत म्हणून मोठा झाला, ती मुळात रेन्स्केची. कला अकादमीत ती त्याची विद्यार्थिनी असताना तिने आपल्या आईला खिडकीच्या काचा पुसताना चित्रित केलं होतं. मास्तरांनी "बघून देतो" म्हणून फिल्म नेली, तिच्यातला आवाज काढून टाकला आणि प्रदर्शनात स्वतःच्या नावाने लावली. समीक्षक त्या शांततेवर लट्टू झाले. शांतता कसली डोंबलाची! आवाजात आई "रेन्स्के, पुरे गं आता" म्हणत होती, म्हणून तो काढला. आई गेली, पाटीवर नाव वाउटरचंच राहिलं. रेन्स्के मात्र बंद पडलेल्या दुकानांत आणि चर्चच्या तळघरांत आपल्या फिल्म्स लावत म्हातारी होत आली.

या हिवाळ्यात तिने त्याच्या समोरचीच खोली भाड्याने घेतली. संग्रहालयाची माणसं त्याच्याकडे कॉफीला आली, त्याच संध्याकाळी तिने आपल्या खिडकीत पडदा टांगून मूळ फिल्म सुरू केली. आवाजासकट.

शेजारची ट्रूसबाई सायकलवरून उतरलीच. "अगं बाई, ही तर वाउटरची फिल्म! मग ही बाई हाक मारतेय ती रेन्स्के कोण?"

"मीच ती," रेन्स्के खिडकीतून म्हणाली.

वाउटर तणतणत बाहेर आला. "बंद कर ते! पाहुणे बसलेत. तुझं नाव घालतो म्हटलं ना, खाली कुठेतरी."

"खाली कुठेतरी? राहू द्या, सर. बघवत नसेल तर पडदा ओढा की."

"माझ्याकडे पडदे नाहीत, माहीत आहे तुला!"

"चांगलंच माहीत आहे."

तो आत गेला, पलंगावरची पांढरी चादर ओढून आणली आणि पाहुण्यांदेखत खुर्चीवर चढून खिडकीला ठोकली. "आता बोंबलत बस!" आतून ओरडला.

या चादरीचीच तर रेन्स्के वाट बघत होती. तिने आपला पडदा खाली उतरवला आणि प्रोजेक्टरचं भिंग जरासं फिरवलं. समोर, वाउटरच्या चादरीवर, खिडकीभर आई उभी राहिली आणि फडक्याने त्याची काच पुसू लागली. पाहुणे कप हातात घेऊन रस्त्यावर आले.

"रेन्स्के, पुरे गं आता," आई म्हणाली.

"नाही गं आई, अजून नाही," म्हणत रेन्स्केने आवाज वाढवला.