बिनहुद्द्याचा शिक्का

“हुद्दा काय टाकू?” अब्दुल गफ्फार यांनी विचारलं.

“हुद्दा नाई, चाचा. नुसतं नाव. माधवी. अन् बाजूले एक टिटवी.”

गफ्फारचाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि समोरच्या मुलीकडे नीट पाहिलं. अमरावतीत कचेरीच्या भिंतीला टेकलेल्या या टपरीत त्यांची उभी हयात रबर कोरण्यात गेली होती. तलाठी कोरले, सरपंच कोरले, मुख्याध्यापक तर किती कोरले त्याला गणतीच नाही. पण बिनहुद्द्याचा शिक्का मागायला आजवर कोणी आलं नव्हतं. हुद्दा नसलेल्यानं सही करावी, सही येत नसली तर अंगठा टेकवावा, ही जगाची रीत.

“तू नांदगाव खंडेश्वरच्या श्रावण गुरुजीची पोरगी ना? तुह्या बापाचा शिक्का म्याच केला होता. पुन्यात नोकरी करतं म्हने तू. मंग हे टिटवी कायले पायजे?”

माधवी हसली. लहानपणी तिच्या तोंडाला खीळ नसायची, म्हणून आई तिला टिटवी म्हणायची. ती स्टुलावर बसली आणि सांगू लागली. जगभर हौशी लोकांनी डोंगरात, झाडाखाली, पुलाखाली लहान लहान डबे लपवून ठेवलेत. जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, इंटरनेटवर असतात. हातातल्या यंत्रावर ते आकडे पाहत पाहत डबा शोधायचा. आत एक वही असते. तिच्यात नाव लिहायचं, नाहीतर आपला खास शिक्का मारायचा, आणि डबा होता तिथंच परत ठेवायचा.

“अन् भेटते काय?”

“काईच नाई.”

“काईच नाई?” चाचांचा चेहरा एकदम खुलला. “मंग शिक्का मारून सांगाचं काय लोकायले?”

“मी इथं येऊन गेली. बस, एवढंच.”

रिकामटेकड्यांचे उद्योग, असं कोणीही म्हटलं असतं. चाचाही म्हणणार होते. पण ‘येऊन गेली’ हे शब्द त्यांच्या कानात अडकून बसले.

माधवी म्हणाली, अमरावतीत असा डबा नव्हता म्हणून तिनंच छत्री तलावामागच्या टेकडीवर एक लपवलाय. पुण्याला परतण्याआधी पहिल्या पानावर तिला आपला शिक्का मारायचा होता. चाचा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष केव्हाच तलावावर जाऊन पोचलं होतं.

लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला म्हणून ते नसीमबानोला टांग्यातून तिथंच घेऊन गेले होते. तिनं चपला हातात घेतल्या होत्या आणि वरच्या एका काळ्या दगडाला हात लावून म्हणाली होती, “इसपे मेरा नाम लिखो ना.” खिशात ब्लेड होतं. पण दगडावर नाव खरडणं हे लफंग्यांचं काम, असं त्या नव्या नवरदेवाचं मत. “तेरे नाम का सिक्का बना दूँगा,” त्यानं ऐटीत सांगितलं होतं.

तो शिक्का काही झाला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दर ईदला ती विचारायची, “मेरा सिक्का?” आणि हे हसून म्हणायचे, “पहले हुद्दा ला.” एकदा ती पदर खोचून म्हणाली, “है ना हुद्दा. घरवाली!” दोघं पोट धरून हसले, आणि राहिलं ते राहिलंच. तिला अक्षर येत नव्हतं. रेशनच्या कागदावर अंगठा उठवून ती थेट टपरीत यायची आणि निळा अंगठा दाराच्या चौकटीला पुसायची. ती चौकट अजून निळी होती. नसीमबानो मात्र मागच्या हिवाळ्यात गेली. कबर कच्ची होती, एका पावसाळ्यात जमिनीला जमीन मिळाली. आता फातेहा पढायला गेलं की चाचा शेजारच्या दोन कबरींच्या उंचवट्यांमध्ये अंदाजानं उभे राहत. तिचं नाव कुठंच कोरलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना रोज बोचायची.

टिटवी दुपारभरात झाली. कोरताना चाचांना आपल्या हातांची गंमत वाटत होती. गेली काही वर्षंच वाईट होती. रोजच्या पेपरात वऱ्हाडातल्या कोण्या गावचं नाव यायचं, आणि एका कचेरीनं त्यांच्याकडून ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन शिक्के करून नेले होते. जीव देऊन गेलेल्या शेतकऱ्यांच्या मदतीच्या कागदांवर मारायचे. ‘अपात्र’ झिजला म्हणून वर्षाच्या आत पुन्हा करायला आला, ‘पात्र’ काही आला नाही. चाचांनी तो करून दिला, पण त्या दिवशी त्यांना घास गेला नाही. त्याच हातांनी आज टिटवीचे लांब पाय कोरले होते.

मग त्यांनी रबराचा जपून ठेवलेला एक मऊ तुकडा काढला.

नसीमबानोचं नाव मानानं लिहिलं गेलं ते फक्त निकाहनाम्यावर, उर्दूत. त्यांनी ते उर्दूतच कोरायला घेतलं. बाहेर उन्हात कापसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या, घुंगरांचा आवाज लांबून येत होता, आणि हात नेहमीसारखा उजवीकडून डावीकडे आपसूक सरकत होता. नून, सीन, मग पुढचं अक्षर. इतकं सहज काम कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. चौकटीपाशी ती उभी आहे आणि अंगठा पुसता पुसता बघते आहे, असं त्यांना वाटत राहिलं. त्यांनी वर मात्र पाहिलं नाही. वर पाहिलं की माणूस नाहीसं होतं, हे त्यांना एव्हाना ठाऊक झालं होतं.

प्रत्येक शिक्का ते आधी रद्दीवर उमटवून बघत. हा बघितला नाही. तिचं नाव पहिल्यांदा रद्दीवर? छे.

माधवी शिक्का घ्यायला आली तेव्हा त्यांनी जरा लाजतच विचारलं, “जे मानूस येऊ शकत नाई, त्याचा शिक्का चालते काय तुमच्या वहीत?”

“कोनी आपल्या हातानं घेऊन आलं तं चालते,” ती म्हणाली. कोणाचा, ते तिनं विचारलं नाही. गुरुजींची पोरगी खरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोनं ते तलावापाशी उतरले. रस्त्यालगतच्या बाभळींच्या काट्यांना गाड्यांवरचा कापूस अडकून लटकला होता. टेकडी तशी बेताचीच, पण चाचा थांबत थांबत चढले. काळा दगड तोच होता की दुसरा, कोण जाणे. त्यांनी तो तोच ठरवला. माधवीनं त्याच्या खालचे धोंडे बाजूला करून डबा काढला आणि वहीत आपली टिटवी उमटवली.

“आता तुमी.”

चाचांनी शिक्का पॅडवर टेकवला, बिस्मिल्ला म्हटलं आणि कागदावर दाबून धरला. मग उचलला.

नाव उलटं उमटलं होतं.

जन्मभर मराठी अक्षरं उलटी कोरली, म्हणून हाताला उजवीकडून डावीकडे जायची सवय. आणि उर्दू तर सरळच उजवीकडून डावीकडे जाते! ती कोरायची तर हात उलटा, डावीकडून चालवायला हवा होता. सवयीच्या हातानं नाव सरळ कोरलं आणि कागदावर ते उलटं आलं. हयातभर हजार हुद्दे बिनचूक कोरले, आणि चूक झाली ती हिच्याच नावात. चाचांनी शिक्का पालथा करून पाहिला; रबरावर नाव सरळ होतं. त्यांना रडू आवरेना.

“मस्त उमटलं, चाचा,” माधवी म्हणाली. तिला उर्दू कुठं येत होतं!

“उलटं हाय, बेटा. सारं उलटं हाय.”

ती गोंधळली. शाई पसरू नये म्हणून तिनं वही उचलली आणि ते पातळ पान सुटं धरून वाऱ्यावर, उन्हाकडे केलं. पानाची पाठ चाचांकडे होती. शाई झिरपली होती, आणि उजेडात पलीकडून एकेक अक्षर वर येत होतं. चाचा डोळे पुसून बघत राहिले.

“नसीमबानो,” त्यांनी मोठ्यानं वाचलं.

“दुसरा करा ना, सुलटा. मी दिवाळीले येईन तवा मारू.”

“कावून?” चाचा म्हणाले. “नसीमबानो आता तिकडच्या बाजूले हाय ना. तिकडून बराबर हाय.” मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि ओल्या डोळ्यांनीच ते हसले. “तिले वाचताच येत नव्हतं, बेटा. येत असन आता.”

माधवीनं डबा दगडाखाली सरकवला. धोंडे चाचांनी स्वतः लावले. उठताना त्यांना दिसलं, आपला अंगठा शाईनं निळा झालाय. खिशात रुमाल होता. त्यांनी तो काढला, पुन्हा आत ठेवला आणि अंगठा त्या काळ्या दगडाला पुसला.